वेशीपलीकडची सीट

मालवणातून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. गडचिरोली हजाराच्या आसपास. आमच्याकडे कुणाला हृदयविकाराचा झटका आला, माडावरून पडून कुणाचे डोके फुटले, बाळंतिणीचे काही बिघडले की 108ची गाडी बांबोळीची वाट धरते. गडचिरोली नेमकी कुठे, हेही पुष्कळांना सांगता यायचे नाही. नीटचा निकाल लागला की मात्र हाच नकाशा उलटा होतो. एमबीबीएसच्या प्रवेशात बांबोळी परराज्य ठरते आणि गडचिरोली घरचे. शुल्क, सवलती, राखीव जागा, पुढच्या शिक्षणातले प्राधान्य, सगळे या एका रेषेवर ठरते. सिंधुदुर्गातल्या माणसाला ती रेषा गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर एरवीही दिसते. तिचे मोल कळायला बारावी उलटावी लागते.

यंदा ते मोल आमच्या घरात मोजले गेले. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने नीट दिली. गुण चांगले पडले, पण मुंबई-पुण्याच्या जुन्या सरकारी कॉलेजांत बसतील इतके नाहीत. समोर दोन वाटा दिसत होत्या. एक, राज्याच्या कोट्यातून गडचिरोलीसारख्या ठिकाणचे नवे सरकारी कॉलेज. दुसरी, घाट चढून तीन-चार तासांवर कर्नाटकातले एक खासगी कॉलेज. हॉस्पिटल जुने आणि मोठे, शुल्क वर्षाला बारा लाख. माझी मोठी बहीण, अक्का, जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून निवृत्त झाली. भाऊ, आबा, बँकेत कर्जविभागात होता. दोघांचीही भाचीवर सारखीच माया, आणि म्हणूनच दोघे एकमेकांना जराही सोडत नव्हते. बोलणे मालवणीत झाले; बहुतेक मी साध्या मराठीत उतरवले आहे.

अक्का : गडचिरोलीचे कॉलेज 2024 साली सुरू झाले. त्याच वर्षी जालना, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा अशी दहा कॉलेजे एका दमात उघडली. जिल्हा रुग्णालयाला पाटी लावली म्हणून ते शिकवणारे रुग्णालय होत नाही, आबा. शरीररचना शिकवायला माणूस लागतो, शवविच्छेदनाला प्रेत लागते, रात्री दोन वाजता विद्यार्थ्याला उठवून केस दाखवणारा प्राध्यापक लागतो. ही माणसे एका आदेशाने तयार होत नाहीत. घाटावरच्या कॉलेजात ती आहेत. आणि पोर शनिवारी सुटली तर रात्री घरी जेवायला येईल.

आबा : येईल. आणि आईबापाच्या ताटातला घास कुठे गेला ते बघेल. बारा लाख गुणिले साडेचार वर्षे, चोपन्न लाख. वसतिगृह, मेस, पुस्तके धरून साठच्या पुढे. तिच्या बापाची एक होडी आणि दोन खोल्यांचा होमस्टे. पावसाळ्यात दोन्ही बंद.

अक्का : शैक्षणिक कर्ज असते की. तूच उभा जन्म ती मंजूर केलीस.

आबा : म्हणूनच सांगतो. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत जामीनदार किंवा सरकारी हमीवर निभावते. त्याच्यावर गेलीस की बँक तारण मागते. आपल्याकडे तारण काय? घर आणि माडांची बाग. सातबारा काढून बघ. आजोबांच्या भावंडांपासूनची नावे आहेत त्यावर, निम्मे हिस्सेदार मुंबईला, दोघे वारले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. वाटप झालेले नाही. असा सामाईक सातबारा कुठला मॅनेजर गहाण घेईल? मी तरी घेतला नसता.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण कोकणाबाहेरच्या वाचकाला हे चटकन कळणार नाही. आमच्याकडे जमीन असूनही माणूस कर्जाच्या दृष्टीने भूमिहीन असतो. गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे आणि प्रत्येकावर दहा-पंधरा नावे. देशावरचा शेतकरी दोन एकर गहाण टाकून मुलाला बाहेरच्या राज्यात धाडू शकतो. मालवणचा माणूस लाखमोलाच्या किनारी जमिनीवर बसून तेवढे करू शकत नाही. शिक्षणाचा खर्च मोजताना शुल्काचा आकडा सगळेच बघतात. ते पैसे उभे राहण्याची वाट कुठून जाते, हे घराघरांत वेगळे असते.

आबा : आता धर, कुणी भला माणूस तारण राहिला. दरवर्षी दहा लाख असे पाच वर्षांत पन्नास लाख उचलले, दहा टक्क्यांनी. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. सरळ व्याज धरले तरी हप्ता सुरू होईल तेव्हा पन्नासाचे साडेबहात्तर झालेले असतील. पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याला अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. इंटर्नला राज्यात अठरा हजार विद्यावेतन मिळते. वैद्यकीय अधिकारी म्हणून सरकारात लागली तर मूळ वेतन 56,100.

अक्का : भत्ते धरलेस तर ते लाखाच्या जवळ जाते.

आबा : मग लाखातून अठ्ठ्याहत्तर हजार काढ. बावीस हजारांत चोवीस-पंचवीस वर्षांच्या डॉक्टरणीने कुठे राहायचे, काय खायचे? आणि एमडी करायचे म्हटले तर? कर्जाखाली दबलेली मुलगी पुढे शिकत नाही, अक्का. मिळेल त्या खासगी हॉस्पिटलात रात्रपाळ्या करते. कर्ज घेतलेली पोरे वसुलीच्या वेळी माझ्यासमोर बसलेली मी बघितली आहेत.

अक्का : तू बँकेत होतस म्हणान तुका फक्त हप्तो दिसता.

आबा : आणि तुका हप्तो दिसणाच नाय.

हे शब्द जरा वर्मी लागले. पण मला वाटते, इथवर दोघेही एकाच खड्ड्यात अडकले होते: सरकारी म्हणजे स्वस्त आणि दूर, खासगी म्हणजे महाग आणि चांगले, एवढीच विभागणी धरून. खरी मेख राज्याच्या वेशीत आहे, आणि ती भाचीने स्वतः काढली. बारावीपासून तिने हे नियम पाठ्यपुस्तकासारखे वाचले होते.

तिने सांगितले ते असे. महाराष्ट्र सरकारने जुलै 2024 मध्ये निर्णय काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, मुलगी इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग किंवा आर्थिक दुर्बल घटकातली असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला तिने केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेतला असेल, तर तिचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे सरकार भरते. सरकारी कॉलेजात तर भरतेच, खासगी विनाअनुदानित कॉलेजातही भरते. अभिमत विद्यापीठे यातून वगळली आहेत, संस्थेच्या कोट्यातल्या जागाही वगळल्या आहेत. राज्याबाहेर ही सवलत चालत नाही. भाची इतर मागासवर्गातली, घरचे उत्पन्न मर्यादेच्या बरेच आत. म्हणजे त्याच मुलीला, त्याच गुणांवर, कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या खासगी कॉलेजात कॅपमधून जागा मिळाली तर शिक्षण शुल्क शून्य, आणि घाटापलीकडे तसल्याच कॉलेजात चोपन्न लाख.

आबा गप्प झाला. त्याच्या हिशेबात हा आकडाच नव्हता. त्याने ‘खासगी’ हा रकाना एकच धरला होता.

अक्का : मग झाले तर! राज्यातले जुने खासगी कॉलेज घ्यायचे. गडचिरोली कशाला?

आबा : अगो, थांब. सरकार भरते ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. वसतिगृह, मेस, विकास शुल्क, अनामत आणि आणखी काय काय नावांनी जे घेतात, ते आपल्याला. आणि सरकारचे पैसे कॉलेजकडे उशिरा पोचले की कॉलेज कुणाच्या मागे लागते? पोरीच्याच. सरकारी कॉलेजात ती भीती नाही.

अक्का : दरवर्षी तीन-चार लाख वरखर्च झाला तरी तो साठ लाखांच्या जवळपासही जात नाही. हे तूच मघाशी शिकवलेस.

आबाचा आक्षेप खोटा नाही. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेत येत नाही म्हणून पालकांना आधी पैसे भरायला लावल्याच्या तक्रारी दर हंगामात कानावर येतात. माझे मत स्पष्ट आहे: ज्या सवलतीवर मुलीने आयुष्याची साडेपाच वर्षे लावायची, ती सवलत पैसे वेळेवर पोचवूनच सरकारने पाळली पाहिजे. आणि हीच सवलत मुलाला अर्धीच मिळते, हेही पालकांनी आधीच हिशेबात घ्यावे. भाचीच्या जागी भाचा असता तर राज्यातल्या खासगी कॉलेजचे निम्मे शुल्क घरातून गेले असते आणि आबाचा कर्जाचा हिशेब पुन्हा उभा राहिला असता.

राज्यातल्या विद्यार्थ्याला एक भाव आणि बाहेरच्याला दुसरा, ही गोष्ट आजची नाही. इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात 1952 साली दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने प्रवेश घेतला. तिथे मध्यभारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी नव्हती. त्याला ती वर्षाला 1,500 रुपये पडली. डी. पी. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1955 साली न्यायालयाने बहुमताने सांगितले, की घटनेने जन्मस्थानावरून भेद करायला मनाई केली आहे, रहिवासावरून नाही. राज्य स्वतःच्या तिजोरीतून कॉलेज चालवते, तर आपल्या रहिवाशांना ते सवलत देऊ शकते. पुढे 1984च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने सगळ्या जागा राज्यापुरत्या बांधून ठेवण्याला आक्षेप घेतला, आणि त्यातून सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागांचा अखिल भारतीय कोटा आला. उरलेल्या 85 टक्के राज्याच्या. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशातले रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले, पण त्याच संस्थेतून एमबीबीएस झालेल्यांना वाजवी प्राधान्य देता येईल, हे कायम ठेवले. म्हणजे एमबीबीएस कुठे केले, याचे वजन पुढे एमडीच्या वेळी आणखी वाढणार. हा मुद्दा मी मांडला तेव्हा अक्कानेही मान हलवली.

आबा : आणि ओरोस? आपल्याच जिल्ह्यातले सरकारी कॉलेज. 2021-22 पासून शंभर जागा. घरून निघाली तर तासाभरात पोचेल.

अक्का : ओरोसच्या जागा काय सिंधुदुर्गच्या पोरांसाठी राखून ठेवल्यात? सत्तर-तीसचा विभागीय कोटा 2020 साली रद्द झाला. आता लातूरचा पोरगा आणि आपली पोर एकाच रांगेत. लातुरात आठवीपासून नीटची तयारी करून घेतात. इथे दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिले येते आणि नीटच्या यादीत आपली पोरे शोधावी लागतात.

हे अक्काचे दुखणे जुने आहे. जिल्ह्यात कॉलेज आले तेव्हा गावोगाव लोकांना वाटले की आता आपली मुले डॉक्टर होणार. जिल्ह्यातल्याच पडव्याचे खासगी कॉलेज आले तेव्हाही हेच वाटले होते. कॉलेज आल्याने दवाखान्याला डॉक्टर मिळतात, ही मोठीच गोष्ट आहे. गोव्याने 2018 मध्ये परराज्यातल्या रुग्णांकडून बांबोळीत शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांवर काय वेळ आली ते आम्ही पाहिले आहे. आपले रुग्णालय आपल्या जिल्ह्यात असावे, याला तोड नाही. पण जागा मिळवायची ती राज्याच्या रांगेत उभे राहूनच, हे घरात स्पष्ट सांगितलेले बरे.

यानंतर अक्का जे बोलली, ते या सगळ्या चर्चेत मला सर्वांत मोलाचे वाटते. आबाने विचारले होते, की चांगले कॉलेज ओळखायचे कसे, तू तरी सांग.

अक्का : खाटा मोजू नको, भरलेल्या खाटा मोज. सकाळी नऊ वाजता ओपीडीत जाऊन बस आणि रांग बघ. प्रसूतिकक्षात महिन्याला किती बाळंतपणे होतात ते तिथल्या सिस्टरला विचार. प्राचार्य वेगळे सांगतील, सिस्टर खरे सांगेल. रक्तपेढी रात्री उघडी असते का? साप चावलेला माणूस आला तर तिथेच ठेवतात की पुढे पाठवतात? पुढे पाठवत असतील, तर पोर तिथे फक्त पाठवायचे कागद लिहायला शिकेल. आपल्याकडे लेप्टो आहे, दोडामार्गात 2016 ला माकडताप आला. असले आजार पुस्तकातून ओळखता येत नाहीत, अंगावर हात ठेवून ओळखावे लागतात.

आबा : मग अक्का, पैसे मोजून आलेला खासगीतला पेशंट शिकाऊ पोरीला हात लावू देतो? सरकारी वॉर्डात तर तिसऱ्या वर्षाची पोरे बाळंतपणाला उभी असतात, हे तूच सांगायचीस.

अक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “देत नाय. थय तुझा खरा आसा.” आणि तिथून तिची बाजू बदलली नाही, पण सरकली. बाहेरच्या राज्यातली सीट तिने सोडली. नवे-दूरचे की जुने-जवळचे, हा हट्ट सोडून ती रुग्ण कुठे जास्त, या कसोटीवर आली. त्या कसोटीने पहिल्यांदा मिरज, कोल्हापूर, अंबाजोगाई अशी जुनी सरकारी कॉलेजे येतात. ती मिळतील अशी आशा कमी, पण फॉर्ममध्ये वर लिहायला पैसे पडत नाहीत. आणि गडचिरोलीबद्दलही ती आता वेगळे बोलू लागली. तिथे हिवताप आहे, सिकलसेल आहे, कुपोषण आहे. शोधग्राममध्ये अभय आणि राणी बंग यांनी नवजात बालकांवर केलेले काम तिथलेच, हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी दवाखाना उभारला तोही त्याच जिल्ह्यात. शिकणाऱ्याला तिथे केस कमी पडणार नाहीत. कमी पडतील ते शिकवणारे.

एक वर्षाच्या बंधपत्राचाही विषय निघाला. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायची. आबाने ते वर्ष खर्चाच्या रकान्यात लिहिले होते. अक्काने कागद ओढून ते खोडले. म्हणाली, प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वर्ष काढलेल्या डॉक्टरला मी दहा जणांतून ओळखेन, आणि बंधपत्रावर आलेली ती पोरे नसती तर आपल्या तालुक्यातली निम्मी केंद्रे परिचारिकांनीच चालवली असती. या बाबतीत मी पूर्णपणे अक्काच्या बाजूने आहे. तो पगारी अनुभव आहे, त्याला दंड म्हणून बघू नये.

आता जे सांगायचे आहे ते भाचीपेक्षा तिच्या मागून येणाऱ्यांसाठी. राज्याच्या 85 टक्क्यांत बसायला केवळ डोमिसाइल पुरत नाही. बदलीच्या सरकारी नोकरीतले आणि तसेच काही अपवाद सोडले, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग या पट्ट्यातली कितीतरी मुले अकरावीला गोव्यात जातात. पेडणे-म्हापसा त्यांना सावंतवाडीइतकेच जवळ, बस सोयीची, बाप तिकडेच कामाला. ती मुले बारावीला गोव्यात उत्तीर्ण होतात आणि महाराष्ट्राचा कोटा गमावतात. गोव्याचा कोटा त्यांना मिळत नाही, कारण तिथे दहा वर्षांचा रहिवास लागतो. ना इकडचे, ना तिकडचे. उरतो तो पंधरा टक्क्यांचा देशभराचा कोटा, घाटापलीकडच्यासारखी परराज्यातली खासगी कॉलेजे, नाहीतर अभिमत विद्यापीठे, जिथे शुल्क वर्षाला वीस-पंचवीस लाखांच्या पुढे जाते आणि नुसत्या प्रवेशप्रक्रियेत उतरायलाच दोन लाखांची अनामत ठेवावी लागते. नीटच्या तयारीसाठी कोटा शहरात जाऊन बारावीचे नाव राजस्थानातल्या शाळेत घालणाऱ्यांचेही असेच होते. लातूरला गेलेल्यांचे होत नाही, कारण लातूर वेशीच्या आत आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या एका अकरावी प्रवेशावर पन्नास लाखांचा फरक पडतो, आणि तो निर्णय आपण बसच्या वेळापत्रकावरून घेतो. सीमेवरच्या प्रत्येक हायस्कुलात, दहावीचा निकाल लागायच्या आत, मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून हे सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कागदपत्रांचेही तसेच. नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी हे सगळे तहसील आणि पडताळणी समितीत वेळ खाते. निकालानंतर धावणाऱ्यांची सवलत कागदाअभावी जाते.

भाचीचे हे सगळे वेळेत झाले होते. दहावी मालवणात, बारावी कणकवलीत. म्हणून तिच्यासमोर निवड होती तरी.

शेवटी प्रेफरन्स फॉर्म भरायला घेतला. जुनी सरकारी कॉलेजे वर, त्यांच्याखाली ओरोस, इथपर्यंत दोघांचे एकमत झाले. त्यापुढे आबाचे म्हणणे, सगळी नवी सरकारी आधी, खासगी नंतर. वरखर्चाचा भरवसा नाही. अक्काचे म्हणणे, राज्यातली दोन जुनी खासगी कॉलेजे, जिथली रांग तिने स्वतः पाहिली आहे, ती गडचिरोलीच्या आधी. चार वर्षांनी तिथे प्राध्यापक येतील, पण आपली पोर आत्ता शिकणार आहे. दोघांचेही मी ऐकले आणि माझे मत अक्काकडे झुकते: शिक्षण शुल्क दोन्हीकडे शून्य असेल, तर वरखर्चाच्या भीतीने शिकवणारा गमावू नये. आबाला ते पटलेले नाही. तो दोन्ही कॉलेजांना फोन करून वसतिगृह, मेस आणि अनामत यांचे आकडे लेखी मागवतो आहे, आणि ते आल्याशिवाय फॉर्म लॉक करायचा नाही, असे त्याने बजावले आहे.

“आकडे येवंदेत, मामा,” भाची म्हणाली, “पण फॉर्म माझो आसा.” लॉक करायची मुदत परवा संध्याकाळपर्यंत आहे.